पुनवेच्या भरतीला उद्घाटन

"ज्या दिवशी खेड्याने आपले दार आपल्या हाताने उघडले, त्या दिवशी देश खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला, असे इतिहास लिहून ठेवील!"

हे वाक्य शत्रुघ्नने कोजागिरीच्या सकाळी अंगणात उभं राहून सहा वेळा म्हणून पाहिलं. ऐकायला म्हैस होती. सहाव्या वेळी त्याने डोळे उघडले तेव्हा म्हशीने दारावरचं आंब्याचं तोरण निम्मं संपवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याकडे ती मोठ्या आशेने बघत होती.

"अवं चेरमन," धोंडूबाई आतून म्हणाली, "इतिहास लिवंल तवा लिवंल. आदी टोपी सुलटी करा."

शत्रुघ्नने टोपी काढून पाहिली. शिवण बाहेर आली होती. विकास मंडळाचा चेअरमन झाल्यापासून बायको त्याला नवरा म्हणून हाक मारीत नसे. चेरमन म्हणे. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे त्याला सात महिन्यांत कळलं नव्हतं.

कार्यक्रम साडेसातचा होता. तसं छापलेलं होतं, तिरंगी शाईत. खाडीच्या बांधावर सरकारने शेतातलं पाणी सोडायची सिमेंटची नवी उघाडी बांधली होती. तिला लोखंडी दार, दाराला लांबलचक आट्यांचा दांडा, दांड्यावर चाक. चाक फिरवलं की दार वर. मुंबईहून नामदार साहेब येणार, चाक फिरवणार, दार उघडणार, शेतात साचलेलं पावसाचं पाणी धो धो करीत खाडीत जाणार आणि फोटोवाला फोटो काढणार. साडेसात ही वेळ शत्रुघ्नने स्वतः सांगितली होती. पुनवेला दुपारी बाराला भरती पुरी चढते; सकाळी साडेसातला खाडी खाली असते. हे निंबखार गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

पण नामदारांना ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

*

साडेआठला नथू बांधावर बसून तिवरांकडे बघत होता. घड्याळ त्याने जन्मात बांधलं नाही. तिवराची मुळं बुडाली की एक वेळ, खोड बुडालं की दुसरी, आणि पहिली फांदी पाण्याला टेकली की देवाचं नाव घ्यायची वेळ.

मुळं बुडत आली होती.

नथू शत्रुघ्नचा धाकटा भाऊ. जुन्या लाकडी उघाडीचा मान त्याच्याकडे होता, बापाकडून आलेला. पुनव-अवसेला घरटी एक माणूस बांधावर यायचा. नथू खाचेत फळ्या बसवायचा, बाकीचे फटींत चिखल आणि पेंढा दाबायचे. ओहोटीला फळ्या निघायच्या. उघाडीच्या तोंडाशी जी कोळंबी अडके, तिची पहिली टोपली नथूच्या घरी. बाकीची ज्याच्या त्याच्या हातचलाखीप्रमाणे.

आठ दिवसांपूर्वी श्रमदान झालं. जुन्या उघाडीत दगडमाती भरून ती बुजवली. शत्रुघ्नने पहिली पाटी टाकली, फोटो निघाला. उपटलेल्या फळ्यांचं नामदारांसाठी व्यासपीठ केलं आणि वर सतरंजी अंथरली. चैत्रात सिमेंटच्या गोणी आल्या तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता, त्यामुळे या फळ्यांबद्दल नथूला काय वाटतं ते त्याला कुणी विचारलं नाही.

नव्या दाराला लाल फीत होती. तिच्यावर चिठ्ठी होती: *उद्घाटनापूर्वी हात लावू नये.*

"वॉल्टर," नथूने हाक मारली, "तुझे साहेब कुठं पोचले?"

ग्रामसेवक वॉल्टर सायकलला टेकून उभा होता. गिरीज गावचा. केळीचं पीक, त्याचं खत, त्यावरची कीड, हे सगळं त्याला तोंडपाठ. सरकारने म्हणूनच त्याला खाडीकाठी भाताच्या खारीत नेमलं होतं. नोकरी अजून कायम व्हायची होती.

"ठाण्याहून निघालेत, असा निरोप आहे."

"कदी निगाले?"

"ते निरोपात नाही."

"हे बग," नथू म्हणाला, "आता दार उघडलं तर पानी भायेर जायाचं नाय. आत येल. खाडी वर, शेत खाली. समजतं का?"

"समजतं हो नथूकाका. मी काल रात्री उद्घाटनाचा सरकारी फॉर्म परत वाचला. त्यात भरतीचा रकानाच नाही."

"मंग कार्यक्रम सांजच्याला ठेव. ओहोटी लागंल."

"संध्याकाळी साहेबांचा पलीकडे दवाखान्याचा कार्यक्रम आहे." वॉल्टरने कपाळावरचा घाम पुसला. "आपण असं करू. साहेबांनी थोडंसं दार उघडावं. फोटोपुरतं. लगेच बंद करू."

नथू उठला आणि त्याने वॉल्टरला दंडाला धरून दाराशी नेलं.

"मिस्त्रीनं दार बसवलं त्या दिशी खाडीत गुडघाभर पानी नव्हतं. तरी वर गेलेलं दार खाली आनायला चार गडी लागले. आटे अडकतात. आता पुरुषभर पान्याचा रेटा बसला तर ते खाली येल? मिस्त्री तर मुंबईला गेला, त्याचा पत्ता हाय तुझ्याकडं?"

वॉल्टरकडे पत्ता नव्हता. तो बांधाच्या आतल्या बाजूला बघू लागला. चाळीस घरांचं भात पिवळं होऊन वाकलं होतं. आठ दिवसांनी कापणी. वाऱ्याने ते सारं एका अंगावर कलत होतं आणि पुन्हा उठत होतं. वॉल्टरला ते प्रथमच खाडीच्या पाण्यापेक्षा खाली दिसलं.

*

मांडवामागे चुलीवर चहाचं आधण तिसऱ्यांदा उकळत होतं. धोंडूबाई आणि नथूची बायको हंसा भाकऱ्या थापत होत्या. नवरे बोलत नसले तरी जावांनी आपला व्यवहार चालू ठेवला होता. कालवण भिंतीवरून जात-येत असे आणि दोन्ही भाऊ एकच कालवण खाऊन एकमेकांवर रुसत.

"जाऊबाय," हंसा म्हणाली, "पानी कुठवर आलं असंल?"

"गप भाकऱ्या कर."

"तुमी बांध फुटला तवा होता ना?"

धोंडूबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. ती नवी नवरी होती त्या साली. रात्रीत बांध फुटला, सकाळी शेतात मासे होते. गावाला आधी आनंदच झाला. मग पाणी उतरलं आणि जमिनीवर पांढरी साय आली. तीन पावसाळे त्या जमिनीने भात धरलं नाही. खारीत आपोआप उगवणारी मोरसाची भाजी, तीच उकडून खायची, तीच वाळवून ठेवायची. मिठाशिवायच खारट. धोंडूबाईचं पहिलं पोर ती भाजी खाऊन तिला येई तेवढ्या दुधावर होतं. ते राहिलं नाही.

"ह्यांना ठावं हाय समदं," ती म्हणाली. "ते बोलतील साहेबांशी."

"बोलतील?"

धोंडूबाईने भाकरी तव्यावर टाकली. ती टाकताना बोट भाजलं, हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

*

दहा वाजता तिवरांचं खोड बुडालं.

शत्रुघ्न व्यासपीठापाशी उभा होता. तिथून त्याला खाडी दिसत नव्हती, आणि म्हणूनच तो तिथे उभा होता. गावकरी येऊन काही विचारत नव्हते. नुसते येऊन उभे राहत, त्याच्या तोंडाकडे बघत आणि जात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याने मनात वाक्य जुळवून पाहिलं. *नामदार साहेब, आपण आलात हे आमचं भाग्य, परंतु—* या परंतुच्या पुढे त्याला काही सुचेना. उद्घाटनाला बोलावून दार उघडू नका सांगायचं? गोखिवऱ्यापर्यंतचा रस्ता अजून मंजूर व्हायचा होता. गोड्या पाण्याची विहीर व्हायची होती. विकास अधिकाऱ्याने मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं, ज्या गावात उत्साह दिसेल त्या गावाला पुढची योजना. उत्साह दिसावा म्हणून बँड आणला होता. हवालदार आणि दोन शिपाईही आले होते, उत्साह जास्त होऊ नये म्हणून.

आणि तो स्वतः? चेअरमन नसला तर तो कोण? उघाडीचा मान धाकट्याकडे, जमीन दोघांत. सात महिन्यांपूर्वी त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी खुर्ची दिली होती.

बांधाकडून वॉल्टर पळत आला.

"चेअरमन, चाकाची खीळ गेली."

"गेली म्हंजे?"

"चाक दांड्यावर नुसतंच फिरतंय. खीळ कुणी तरी काढली."

कुणी तरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

नथू बांधाखाली गवतात बसला होता. शत्रुघ्न त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. सहा महिन्यांनी भाऊ भावाशी बोलला तो असा:

"खीळ दे."

"नाय."

"नथ्या, हवालदार उभा हाय. सरकारी वस्तू हाय ती. बेड्या घालतील तुला."

"घालू दे. तुरुंगात तांदूळ तरी असंल."

"अरे, साहेब चाक फिरवनार आनि ते गरागरा फिरनार! दार हलायचं नाय. समद्यांच्या देखत! मना तोंड दाखवायला जागा राहील?"

"तुझं तोंड," नथू म्हणाला, "दादा, तुझं तोंड वाचवायला चाळीस घरांनी मोरस खायची का?"

शत्रुघ्नचा हात उठला. नथूनेही गवतातून दगड उचलला. दोघांची वयं मिळून नव्वद होती. वॉल्टर मध्ये पडायला पुढे झाला आणि मग काय वाटलं कोण जाणे, एक पाऊल मागे गेला. केळीच्या कोर्सात हे नव्हतं.

"हवालदारसाहेब इकडंच येतात," धोंडूबाईचा आवाज आला.

ती डोक्यावर चहाची किटली घेऊन बांधावरून उतरत होती. दोघांचे हात खाली आले. हवालदार मुळीच येत नव्हता. तो बँडवाल्यांशी तंबाखू मळत होता. धोंडूबाई नथूपाशी वाकली, किटली खाली ठेवली आणि हात पुढे केला.

"आन भावजी ती खीळ."

"वयनी, तू बी त्याच्याच बाजूनं?"

"आन म्हनते ना."

नथूने कमरेच्या फडक्यातून बोटभर लांब लोखंडी खीळ काढली आणि तिच्या हातावर ठेवली. शत्रुघ्नने आपलाही हात पुढे केला.

"दे इकडं. बसवून घेतो."

धोंडूबाईने खीळ पदराच्या टोकात बांधली. गाठीवर गाठ मारली. पदर कमरेला खोचला.

"अगं, दे म्हनतो!"

"भावजींकडं ठेवली तर त्यांना बेडी पडंल. तुमच्याकडं दिली तर गावाचं वाटोळं. माझ्याकडं राहू दे. बाईच्या पदराला हवालदार हात नाय लावायचा." मग नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "माझं एक पोर त्या पान्यानं नेलं. तुमी तवा बी बापाला काय बोलला नव्हता. बापाला ठावं होतं बांध कच्चा हाय. तुमाला बी ठावं होतं."

तिने किटली उचलली आणि निघून गेली. दोघं भाऊ उभेच राहिले. मागे खाडीचं पाणी बांधाला हळूहळू चाटत होतं. पाळलेलं जनावर हात चाटतं तसा आवाज होता तो.

*

पावणेबाराला मोटार आली. बँडने जे वाजवायचं ते वाजवलं. तिवराची पहिली फांदी पाण्याला टेकली होती. हे बघायला नथूशिवाय कुणी उरलं नव्हतं, कारण सगळं गाव मोटारीकडे धावलं होतं. कशाची भीती जास्त वाटावी हे माणसाला कळेनासं झालं की तो जिकडे बँड असेल तिकडे धावतो.

नामदार मध्यम उंचीचे, थकलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. ते हसले नाहीत. हार त्यांनी गळ्यात पडू दिला. त्यांच्यामागून विकास अधिकारी उतरले. ते वॉल्टरकडे बघून दात न दिसू देता म्हणाले, "सगळं ठीक आहे ना?"

"होय सर," वॉल्टर म्हणाला. ते त्याने इतक्या लवकर म्हटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

"भाषण नंतर," नामदार म्हणाले. "आधी ते चाकाचं उरकून घेऊ."

लोकांनी वाट केली. शत्रुघ्नच्या हातात ताट होतं. ताटात कुंकू, नारळ, कात्री. कात्री वाजत होती. खीळ नव्हती हे त्याला ठाऊक होतं. पण मिनिटाभरात अधिकाऱ्यालाही ते कळणार. मोटारीच्या हत्यारपेटीत तसली दुसरी खीळ असणार, ड्रायव्हर ती ठोकून बसवणार. आपण ओरडणार नाही हेही त्याला ठाऊक होतं. आपण ताट धरून उभे राहणार, दार वर जाणार.

मांडवाच्या कोपऱ्यावर हंसा उभी होती.

या घरात येऊन तिला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत थोरल्या दिराशी ती एक शब्द बोलली नव्हती. बोलायचं नसतंच. काही सांगायचं झालं तर ती वस्तूंना सांगे. "हांड्या, पानी तापलं हाय." मग शत्रुघ्न हांड्याकडे बघून म्हणे, "येतो म्हनावं." एकदा घरात साप निघाला तेव्हा तिने तेही उंबऱ्यालाच सांगितलं होतं, शत्रुघ्न थोडक्यात वाचला.

ताट तिच्यासमोरून जाऊ लागलं. तिने आजूबाजूला पाहिलं. मांडवाचा खांब होता, घागर होती. खांबाला सांगता आलं असतं. तिचे ओठ घागरीकडे वळले आणि थांबले. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमी नाय बोललात तर मी बोलनार."

बायांत कुणी तरी श्वास आत ओढला. धोंडूबाई चुलीपासून उठून हंसाच्या मागे येऊन उभी राहिली. मग आणखी एक बाई, मग आणखी.

शत्रुघ्न थांबला. हवालदारापेक्षा, अधिकाऱ्यापेक्षा, अकरा वर्षांत प्रथमच थेट त्याच्याशी बोललेल्या त्या आवाजाने तो जास्त हादरला. अगदीच साधा आवाज होता. जरा घोगरा.

"काय झालं?" नामदारांनी विचारलं. ते चाकापाशी पोचले होते.

विकास अधिकारी म्हणाले, "काही नाही साहेब. उत्साह."

शत्रुघ्न पुढे गेला. ताट त्याने वॉल्टरच्या हातात दिलं. इतिहास लिहून ठेवील ते वाक्य त्याच्या तोंडाशी आलं, कारण पाठ केलेलं तेवढंच होतं. ते त्याने गिळलं. त्याच्याखाली दुसरं पाठ केलेलं काही नव्हतं. होती ती घरची भाषा.

"साहेब," तो म्हणाला. "साहेब, दार उघडू नका."

बँडमधला एक जण अजून वाजवीत होता. त्याला कुणी तरी कोपर मारलं.

"भरती हाय, साहेब. खाडी वर हाय, आमचं शेत खाली. दार वर गेलं तर खाली यायचं नाय. पानी आत शिरंल. तीन वरसं मातीत काय उगवनार नाय." त्याने हात जोडले. "चूक माझी हाय. भावाची नाय, ग्रामसेवकाची नाय. मी कवाचा सांगनार होतो. भ्यालो. बेड्या घालायच्या तर मना घाला."

विकास अधिकारी पांढरे पडले. हवालदाराने तंबाखू थुंकली आणि पट्टा नीट केला. नथू बांधावरून उतरून आला आणि भावाच्या शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. त्याच्या हातात अजून तो दगड होता. टाकायचा विसरला होता.

नामदारांनी डावीकडे पाहिलं. पाणी बांधाच्या काठापासून हातभर खाली, तपकिरी, काठोकाठ फुगलेलं. उजवीकडे पाहिलं. भात. मग ते कितीतरी वेळ चाकाकडेच बघत राहिले. गावातलं एक पोर रडायला लागलं आणि आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे," नामदार हळूच म्हणाले, "हे चाक फिरवायचं नाही?"

"नाय, साहेब."

"मी नाही, आणि दुसऱ्या कुणीही नाही?"

"सांजच्याला ओहोटी लागली की माझा भाऊ फिरवील. त्याचा मान हाय."

नामदारांनी डोळे मिटले. त्यांच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की गळ्यातला हार हलला. मग ते लोकांकडे वळले आणि मोठ्या आवाजात म्हणाले की विकास हा मंत्र्याच्या हातून नव्हे, गावकऱ्यांच्या हातून व्हावा हेच सरकारचं धोरण आहे, म्हणून हे दार आज ओहोटीला गावच उघडील. विकास अधिकाऱ्यांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. बँड सुटला. धोंडूबाई मटकन खाली बसली आणि हंसाच्या पायाला धरून रडू लागली. हंसाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती दोन्ही हातांनी पदर पुन्हा डोक्यावर ओढत होती.

टाळ्यांच्या गोंगाटात नामदारांनी शत्रुघ्नला जवळ ओढलं. डाव्या हाताने. तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"चेअरमन, परवा एका गावी विहिरीचा रहाट ओढला, तेव्हापासून हा उजवा खांदा वर होत नाही. ठाण्याला मालीशवाल्याकडे दोन तास काढले, म्हणून उशीर. रस्ताभर ह्या चाकाची धास्ती घेतली होती मी. लोकांसमोर फिरलं नसतं तर?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज आणखी खाली आणला. "तुमच्या घरी तिळाचं तेल मिळेल का थोडं? कोमट करून. नारळाचं नको, ते मला बाधतं."